झेंडा मोठा, पण रात्रीची हाक कोण ऐकणार? माजी सैनिकांच्या सांभाळाचा दर्जा ओळखायचा कसा

सातारा, सांगली, कोल्हापूरपासून अहिल्यानगरपर्यंत अशी कितीतरी गावं आहेत जिथं घरोघरी फौजी सापडतो. सातारा तालुक्यातलं अपशिंगे तर आपल्या नावापुढं ‘मिलिटरी’ लावतं. या गावांतला १९७१ च्या लढाईवेळी विशीत असलेला जवान आज पंच्याहत्तरीच्या आसपास आहे. भरती, पेन्शन, कॅन्टीन हे विषय पारावर रोज निघतात. पण अंथरुणाला खिळलेल्या फौजीला सांभाळायचं कोणी, हा विषय निघाला की सगळे गप्प होतात.

पोरगा पुण्याला, सून नोकरीला, घरातली म्हातारी स्वतःच गुडघ्यानं बेजार. मग कोणीतरी सांगतं, “अमक्या ठिकाणी वृद्धाश्रम चांगला आहे, ठेवा की अण्णांना तिथं.” घरचे जातात, इमारत बघतात, चकाचक फरशी बघतात, ऑफिसातला चहा पितात आणि पैसे भरून येतात. आत सांभाळ कसा होतो ते मात्र बघायचं राहून जातं. ते नेमकं बघायचं कसं, याचा धडा अमेरिकेतल्या एका सैनिकी आश्रमानं दिला आहे. त्याची किंमत मात्र फार मोठी होती.

होल्योकमध्ये काय घडलं?

अमेरिकेत ‘नर्सिंग होम’ म्हणजे आपल्याकडचा डिलिव्हरीचा किंवा ऑपरेशनचा छोटा दवाखाना नव्हे. वयस्कर, आजारी माणसांना कायमचं ठेवून घेऊन त्यांची अंघोळ, जेवण, औषधपाणी बघायची ती जागा. निवृत्त सैनिकांसाठी तिथं अशी वेगळी केंद्रं आहेत. काही थेट केंद्र सरकारचं माजी सैनिक खातं चालवतं, तर काही राज्य सरकारं चालवतात. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या होल्योक शहरातलं ‘सोल्जर्स होम’ हे राज्य सरकारचं केंद्र, १९५२ पासून चालू असलेलं. दुसऱ्या महायुद्धातले, कोरिया आणि व्हिएतनामच्या लढाईतले म्हातारे सैनिक तिथं राहायचे. परिसरात त्याला मान होता.

मार्च २०२० मध्ये कोरोना आला. १७ मार्चला तिथल्या एका सैनिकाची चाचणी घेतली. रिपोर्ट येईपर्यंत त्याला वेगळं ठेवायला हवं होतं, पण तो विस्मरणाच्या आजाराच्या वॉर्डातच इतरांबरोबर राहिला. २१ मार्चला रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. त्यानंतर कामावर यायला माणसंच कमी पडू लागली, म्हणून २७ मार्चला व्यवस्थापनानं विस्मरणाच्या रुग्णांचे दोन वॉर्ड एक केले. २५ खाटांच्या जागेत ४२ माणसं आली. आजारी आणि धडधाकट शेजारी शेजारी. पुढच्या काही आठवड्यांत कोरोनानं तिथले किमान ७६ सैनिक गेले. लढाईतून जिवंत परत आलेली माणसं सांभाळाच्या जागी मेली.

आतल्या परिस्थितीची तक्रार शहराच्या महापौरांपर्यंत पोहोचली, त्यांनी फोनाफोनी केली, तेव्हा कुठं राज्य सरकारनं धावपळ केली. ३० मार्चला प्रमुखाला बाजूला केलं आणि दुसरी टीम पाठवली.

माणसं कमी, प्रमुख अननुभवी

सगळा दोष कोरोनावर टाकून हा विषय संपवता आला असता. पण राज्यानं नेमलेल्या चौकशीचा अहवाल जून २०२० मध्ये आला आणि त्यातून दुखणं जुनं असल्याचं दिसलं.

केंद्राचे प्रमुख निवृत्त लष्करी अधिकारी होते. लष्करातला अनुभव मोठा, पण आजारी म्हाताऱ्यांचं केंद्र चालवायचा अनुभव नव्हता, त्यासाठीचा परवानाही नव्हता. त्या वेळच्या कायद्यात तशी अटच नव्हती. हुद्दा बघितला, कामाची माहिती बघितली नाही. नर्स आणि सेवकांची कमतरता तर आधीपासूनच होती. राज्याच्या महानिरीक्षक कार्यालयाचा अहवाल एप्रिल २०२२ मध्ये आला, त्यानंही प्रमुखाच्या क्षमतेवर आणि त्याच्यावर लक्ष न ठेवणाऱ्या वरच्यांवर बोट ठेवलं.

पुढं काय झालं? मे २०२२ मध्ये राज्य सरकारनं सैनिकांच्या कुटुंबांशी ५ कोटी ६० लाख डॉलरची तडजोड केली. प्रमुख आणि वैद्यकीय संचालक या दोघांवर खटला चालला. २०२४ मध्ये तो निकाली निघाला आणि दोघांपैकी कोणालाही तुरुंगात जावं लागलं नाही. कुटुंबांची नाराजी राहिलीच. पण एक गोष्ट घडली. २०२२ मध्ये कायदा बदलला. आता अशा केंद्राचा प्रमुख परवानाधारकच लागतो आणि राज्याच्या आरोग्य खात्याला तिथं नियमित तपासणी करावी लागते.

तपासणी होत होती, मग कळलं का नाही?

इथं कळीचा मुद्दा येतो. राज्यांच्या सैनिकी केंद्रांची केंद्राच्या माजी सैनिक खात्याकडून दरवर्षी तपासणी होते. म्हणजे कागदावर सगळं होतं. पण होल्योकच्या शोकांतिकेच्या आधीच, जुलै २०१९ मध्ये, अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेनं या तपासण्यांतली दोन छिद्रं दाखवली होती. एक, राज्यांच्या केंद्रांत सापडलेल्या काही त्रुटी ‘त्रुटी’ म्हणून न नोंदवता नुसत्या ‘शिफारशी’ म्हणून लिहिल्या जात होत्या. दुसरं, या केंद्रांच्या दर्जाची माहिती खात्याच्या वेबसाईटवर लोकांना बघायलाच मिळत नव्हती. वडिलांना तिथं ठेवणाऱ्या पोराला आतलं कळायला मार्ग नव्हता.

खात्याच्या स्वतःच्या केंद्रांचंही असंच होतं. त्यांना १ ते ५ तारे देऊन दर्जा ठरवला जायचा, पण ते तारे खात्याच्या फाईलीतच राहायचे. २०१८ मध्ये पत्रकारांनी पाठपुरावा केल्यावर ते जाहीर करावे लागले. तेव्हा १३३ पैकी ६० केंद्रांना अवघा १ तारा असल्याचं समोर आलं. दर्जा मोजला जात होता, पण ज्याला त्या माहितीची गरज होती त्यालाच ती मिळत नव्हती.

दर्जा मोजायचा कशावर?

हे तारे इमारत बघून दिले जात नाहीत. तीन गोष्टी बघतात. अचानक तपासणीत काय सापडलं, सेवेला माणसं किती आहेत आणि राहणाऱ्यांच्या अंगावर त्याचा परिणाम काय दिसतो.

माणसांचा हिशेब सोपा आहे. राज्यांच्या सैनिकी केंद्रांसाठी अमेरिकेत नियम आहे, की प्रत्येक राहणाऱ्यामागं दिवसाला किमान अडीच तास प्रत्यक्ष शुश्रूषा मिळाली पाहिजे, तीही आठवड्याचे सातही दिवस. आता २० अंथरुणांचा वृद्धाश्रम धरा. २० गुणिले अडीच म्हणजे ५० तास. एक माणूस आठ तासांची पाळी करतो असं धरलं, तर चोवीस तासांत सहा-सात माणसं फक्त सेवेला लागतात. त्यात स्वयंपाकी, झाडूवाला, वॉचमन धरायचा नाही. “आमच्याकडं २० जणांना दोन मावश्या आहेत, दिवसभर असतात,” असं कोणी सांगितलं, तर रात्री दोन वाजता लघवीला उठलेल्या अण्णांना धरायला कोण, हे लगेच विचारायला हवं.

परिणाम म्हणजे अंगावरच्या खुणा. पाठीला, कुल्ल्याला, टाचेला अंथरुणाचे फोड आहेत का? महिन्यात किती जण पडले? वजन घटतंय का? त्रास देतो म्हणून झोपेच्या किंवा डोकं सुन्न करणाऱ्या गोळ्या देऊन गप्प बसवलं जातंय का? उठता न येणाऱ्या माणसाला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. ते झालं नाही की फोड येतातच. एक वेळ रजिस्टर खोटं भरता येतं, पाठीवरचा फोड खोटा दाखवता येत नाही.

आपल्याकडचं चित्र

भारतात माजी सैनिकांसाठी २००३ पासून ईसीएचएस आहे. पॉलिक्लिनिक, औषधं, यादीवरच्या दवाखान्यात उपचार, याचा मोठा आधार आहे. पुण्यात खडकीला पाठीच्या कण्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी १९७४ पासून पुनर्वसन केंद्र चालू आहे. शंभर टक्के अपंगत्व पेन्शन असलेल्याला, मेडिकल बोर्डानं शिफारस केली तर, सोबतीच्या माणसासाठी वेगळा भत्ता मिळतो. हक्क असूनही ज्यांनी तो मागितलेला नाही, त्यांनी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कागदपत्रं घेऊन जाऊन चौकशी करावी.

पण ईसीएचएस ही मुख्यतः औषधोपचाराची योजना आहे. दवाखान्यातून घरी सोडल्यावर रोजची अंघोळ, कूस बदलणं, घास भरवणं हे घरच्यांवरच येतं. नाहीतर खासगी वृद्धाश्रमावर. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात दर जिल्ह्यात गरीब ज्येष्ठांसाठी किमान १५० जणांचं वृद्धाश्रम असावं अशी तरतूद आहे. मात्र गावाकडच्या माणसाला मोबाईल उघडून अमक्या वृद्धाश्रमाला किती तारे, शेवटच्या तपासणीत काय सापडलं, हे बघता येत नाही. त्यामुळं तपासणीचं काम घरच्यांनाच करावं लागतं.

घरच्यांनी करायची तपासणी

पहिली भेट सांगून द्या, दुसरी न सांगता. तीही रविवारी किंवा संध्याकाळी साडेसात-आठला. ठरलेल्या वेळेशिवाय भेटू देत नसतील, तर का, ते विचारा. आत गेल्यावर आधी वास घ्या. सगळीकडं लघवीचा वास येत असेल तर माणसं कमी आहेत. कोणी हाक मारली तर जवळ यायला किती वेळ लागतो, ते घड्याळात बघा. जेवणाच्या वेळी थांबा. ज्याला हातानं खाता येत नाही त्याला कोणी भरवतंय का, की ताट तसंच परत जातंय?

मग प्रमुखाला विचारा. रात्रपाळीला किती जण? त्यातलं शिकलेलं किती? डॉक्टर कधी येतात? अचानक छातीत दुखलं तर गाडी कोणाची, दवाखाना कोणता? औषधांची वही बघायला मागा. आणि ठेवल्यानंतर दर भेटीला अंघोळीच्या वेळी पाठ बघा. तिथल्या मावश्यांशी गोड बोला, त्यांना पगार वेळेवर मिळतो का ते विचारा. पगार रखडला की माणसं सोडून जातात आणि भोगावं म्हाताऱ्यांना लागतं.

काही खटकलं तर ‘बाबांनाच त्रास होईल’ म्हणून गप्प बसू नये. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही मोफत हेल्पलाईन आहे. मुलंच बघत नसतील तर प्रांत कार्यालयातल्या न्यायाधिकरणाकडं पोटगीचा अर्ज करता येतो.

गावपातळीवरही करता येण्यासारखं आहे. माजी सैनिक संघटना जवळपास प्रत्येक तालुक्यात आहेत. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला शाल-श्रीफळ होतंच. त्याच संघटनेतल्या दोन-तीन जणांनी महिन्यातून एकदा तालुक्यातल्या वृद्धाश्रमांत आणि घरी पडून असलेल्या फौजींकडं न सांगता चक्कर मारली आणि काय दिसलं ते ग्रामसभेत सांगितलं, तर त्याला सरकारी आदेश लागत नाही.

होल्योकचा प्रकार बाहेर आला तो आतल्या हालाची तक्रार बाहेरच्या माणसानं मनावर घेतली म्हणून. तोवर उशीर झाला होता. आपल्या भागातल्या अण्णांच्या, तात्यांच्या, सुभेदारांच्या बाबतीत तेवढा उशीर होऊ द्यायचा नसेल, तर पुढच्या रविवारी न सांगता एक फेरी मारून यावी.