बर्फात टाकलेला नांगर

हौसेला मोल नसतं म्हणतात. पण हौसेला ऋतूही नसतो, हे पाहायचं असेल तर भर जानेवारीत अमेरिकेच्या उत्तर टोकाला, मिनेसोटा राज्यात जायला हवं. 'दहा हजार तळ्यांचा प्रदेश' हे या राज्याचं लाडकं नाव. उन्हाळ्यात तळ्यांवर होड्यांची जत्रा भरते. हिवाळ्यात तीच तळी अशी गोठतात की लोक त्यांवर मोटारी नेतात आणि बर्फाला भोक पाडून मासे धरत बसतात. होड्या मात्र अंगणात, लोणच्याच्या बरणीला दादरा बांधावा तशा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेल्या!

मग हाडाच्या होडीवाल्याने सहा महिने करायचं काय? अशाच एका घराचं चित्र डोळ्यांपुढे आणा. अंगणात तीन फूट बर्फ. कानटोपी घातलेले गृहस्थ गॅरेजमधून एकेक करून चार नांगर बाहेर आणताहेत. स्वयंपाकघराची खिडकी किलकिली होते.

"काय चाललंय?"

"नांगर तपासतोय."

"बर्फात?"

"पाणी गोठलंय. मग दुसरीकडे कुठे तपासू?"

हा संवाद मराठीत झाला असता, तर शेजाऱ्यांना वाटलं असतं, गडी पेरणीच्या तयारीला लागला! कारण आपल्याकडे शेतातला तो नांगर आणि होडीतला तोही नांगरच. गंमत म्हणजे चारांपैकी एक खरोखरच शेतातल्या नांगराच्या घाटाचा होता. केंब्रिजचे शास्त्रज्ञ जी. आय. टेलर यांना शिडाच्या होडीचा भारी नाद. त्यांनी 1933 साली हा नांगर काढला. त्याचं नाव 'सीक्यूआर'. ही अक्षरं भरभर म्हटली की इंग्रजीतला 'सिक्युअर', म्हणजे सुरक्षित, हा शब्द ऐकू येतो.

चाचणीची पद्धत सोपी होती. नांगराला दोर, दोराला मासे तोलायचा स्प्रिंगचा काटा आणि काट्याला लोंबकळलेले बाप-लेक.

पहिला मान जुन्या घाटाच्या दोन हातांच्या नांगराचा. त्याचे फाळ अरुंद. चाकूने श्रीखंड कापावं तसा तो बर्फ कापत सरळ बाहेर आला. दुसरा भूछत्रासारखा. स्कॉटलंडच्या बेल रॉकवर दीपगृह बांधलं जात होतं, तेव्हा जवळ उभ्या केलेल्या दीपनौकेसाठी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रॉबर्ट स्टीव्हन्सन यांनी तो योजला. 'ट्रेझर आयलंड'च्या लेखकाचे हे आजोबा. चिखलात हळूहळू रुतून बसणं हा या नांगराचा धर्म. बर्फावर तो घसरगाडीसारखा असा पळाला की धाकट्या लेकीने "आता मी बसते!" म्हणून हट्ट धरला. टेलरसाहेबांच्या नांगराने नावाला जागून शेजाऱ्यांच्या कुंपणापर्यंत एक सुरेख तास पाडला. चौथा रुंद, चपट्या पात्यांचा. दुसऱ्या महायुद्धात सैन्य किनाऱ्यावर उतरवणाऱ्या नौकांवर या जातीचे नांगर होते. तो थोडा रुतला, थोडा थांबला आणि मग त्यानेही अंग काढून घेतलं.

तेवढ्यात थोरल्याला गिर्यारोहकांची युक्ती आठवली. त्याने एका पिशवीत बर्फ भरला, दोर बांधला, खड्डा करून पिशवी पुरली, वरून बर्फ तुडवला आणि म्हणाला, "आता थांबायचं." विस्कटलेला बर्फ दाबून थोडा वेळ तसाच ठेवला की त्याचे कण एकमेकांना घट्ट चिकटतात. चहा पिऊन होईतो त्याचा दगड झाला होता. दोर ओढला. काटा आधीच्या सगळ्या खुणा ओलांडून गेला, पिशवी जागची हलली नाही आणि गृहस्थ मात्र उताणे! हजारोंचे नांगर हरले आणि फुकटच्या बर्फाची पिशवी जिंकली.

खिडकीतून हसू ऐकू आलं. या घरात होडीच्या विषयावर हसू यायला पाच महिने लागले होते. गेल्या ऑगस्टमध्ये सुपीरियर सरोवराच्या एका आडोशाला चौघं होडीतच झोपली होती. मध्यरात्री वारा फिरला, नांगर सुटला आणि होडी खडकांकडे सरकू लागली. पाण्याचा आवाज बदलला म्हणून आईला जाग आली; मुलं गाढ झोपेत होती. इंजिन वेळेवर सुरू झालं म्हणून निभावलं. "पुन्हा त्या होडीत झोपायला मी येणार नाही," हे तिने त्याच पहाटे सांगून टाकलं होतं.

संध्याकाळी गृहस्थ शेगडीजवळ हात शेकत बसले.

"मग? कुठला नांगर चांगला?" तिने विचारलं.

"ते बर्फात कळत नाही. तळ्याचा तळ वेगळा. पण एक कळलं. दोर छातीशी धरून ओढला की कुठलाही नांगर उचकटतो. लांब सोडून जमिनीलगत ओढला की तोच नांगर रुततो. पाण्याच्या खोलीच्या पाच ते सात पट दोर सोडायचा असतो." ते थांबले. "त्या रात्री मी तिप्पटच सोडला होता. नांगराचा दोष नव्हता."

ती क्षणभर गप्प राहिली. "एवढं कबूल करायला पाच महिने आणि तीन फूट बर्फ लागला!"

मग तिने फ्रिजवरची सामानाची यादी काढली आणि दूध, पाव, अंडी यांच्याखाली लिहिलं: लांब दोर.

"जूनमध्ये येईन," ती म्हणाली. "पण पहिल्या रात्री जागायचं तू."