वाघ, डास आणि कायमचा ड्राय डे

माझी एक मैत्रीण गोरिला बघायला कांगोला चाललीय. गेले दोन महिने तिचं दुसरं काही चालूच नाही. पिवळ्या तापाची लस, त्याचं सर्टिफिकेट, मलेरियाच्या गोळ्या, इन्शुरन्स, फ्रेंचमधली दहा वाक्यं तोंडपाठ. हीच बया मागच्या वर्षी माझ्याबरोबर ताडोबा आणि तिथून पुढे गडचिरोलीला आली, तेव्हा तिच्या सॅकमध्ये काय होतं? सनग्लासेस, तीन कादंबऱ्या आणि हेअर ड्रायर! आपलंच राज्य म्हटलं की आपण असे बिनधास्त असतो.

पण बॉस, पुणे ते भामरागड हे अंतर हजार किलोमीटरच्या घरात जातं. तेव्हा थोडा होमवर्क हवाच.

आधी पोचण्याचं. नागपूरपर्यंत विमान किंवा ट्रेन, तिथून चंद्रपूर गाडीने तीनएक तास. चंद्रपूर आणि बल्लारशाला थेट ट्रेननेही जाता येतं. गडचिरोलीचं गणित वेगळं. 26 ऑगस्ट 1982 ला चंद्रपूरमधून वेगळा झालेला हा जिल्हा, आणि रेल्वे स्टेशन म्हणाल तर उत्तरेकडे वडसा, म्हणजे देसाईगंज. पुढे एसटी किंवा भाड्याची गाडी. आलापल्ली सोडून भामरागडच्या रस्त्याला लागण्याआधी पेट्रोल आणि कॅश दोन्ही भरून घ्या. नेटवर्कची रेंज येते-जाते, तेव्हा 'पोचलो की फोन करतो' असं घरी सांगून जाऊ नका, घरचे उगाच जागत बसतात.

कधी जायचं? नोव्हेंबर ते फेब्रुवारी, डोळे मिटून. पावसाळ्यात ताडोबाचा कोअर बंद असतो आणि पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटणं हे वर्षानुवर्षं चालत आलंय. उन्हाळ्यात चंद्रपूरचा पारा 45 च्या वर जातो. तरी वाघवाली मंडळी एप्रिल-मेमध्येच गर्दी करतात, कारण तेव्हा वाघ पाणवठ्यावर हमखास दिसतो. ताडोबा मंगळवारी बंद. बुकिंग वन विभागाच्या अधिकृत साइटवरूनच, बुकिंगला दिलेलं ओळखपत्र बरोबर, आणि सफारीत मोबाईल नेऊ देत नाहीत. (पहिला अर्धा तास हाताला खाज येते, मग बरं वाटायला लागतं.)

आता एक गोष्ट जरा गंभीरपणे. मोहर्लीत ज्या ताईंकडे आम्ही जेवलो, त्यांना मी मोठ्या उत्साहात विचारलं, "ताई, तुम्हाला तर रोजच वाघ दिसत असेल ना?" त्या भात वाढता वाढता म्हणाल्या, "न दिसो जी." बस, एवढंच. आपण पैसे मोजून वाघ शोधतो त्याच दिवसांत तिथले लोक पहाटे मोहफुलं वेचायला, नंतर तेंदूपानं तोडायला पायी जंगलात जातात. मे 2025 मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. 'सही यार, काय मस्त वाघ दिसला' हे जिप्सीत म्हणा, गावातल्या चहाच्या टपरीवर नको.

'आणि नक्षलवादी?' हा प्रत्येकाच्या आईचा प्रश्न. चित्र खरंच बदललंय. ऑक्टोबर 2025 मध्ये माओवाद्यांचा बडा नेता भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली. तरी दिवसाउजेडी प्रवास करा, ओळखपत्र जवळ ठेवा, पोलिसांच्या कॅम्पचे फोटो काढू नका, आणि आडरस्त्याला शिरण्याआधी गावात विचारा. माणसांचे फोटोही विचारूनच. आधी 'जोहार' म्हणा, मग कॅमेरा. 2014 चा सिनेमा बघून हेमलकशाला जाणारे खूप असतात. 1973 पासून चालू असलेला लोक बिरादरी प्रकल्प म्हणजे पिकनिक स्पॉट नव्हे. तिथे दवाखाना चालतो, शाळा चालते. आधी कळवून जा.

पार्टीवाल्यांसाठी वाईट बातमी. चंद्रपूरची दारूबंदी 2015 ला आली आणि 2021 ला उठली, पण गडचिरोलीत 1993 पासून आहे ती आहे. डिकीत बीअरचा क्रेट ठेवून जिल्ह्याची हद्द ओलांडलीत तर तो सरळ गुन्हा होतो.

राहिला डास. खरं तर हा कॉलम त्याच्यासाठीच लिहायला घेतला. आमच्यात तिसरा होता एक फोटोग्राफर मित्र. संध्याकाळी हाफ पँटमध्ये नदीकाठी, रात्री 'गरम होतंय' म्हणून मच्छरदाणीच्या बाहेर. राज्यात मलेरियाचा सगळ्यात जास्त त्रास गडचिरोलीला, हे मला माहीत होतं. ओडोमॉसची ट्यूब माझ्या सॅकमध्ये होती. मी दोनदा म्हटलं, तिसऱ्यांदा म्हटलं नाही.

परतल्यावर बाराव्या दिवशी त्याला ताप आला. जवळच्या डॉक्टरांनी व्हायरल म्हणून गोळ्या दिल्या. गडचिरोलीला जाऊन आलोय हे याने सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. चौथ्या दिवशी त्याच्या बहिणीचा फोन, "अगं, हा काहीतरी बरळतोय." रक्त तपासलं तर फाल्सिपॅरम, म्हणजे मेंदूपर्यंत जाऊ शकतो तो मलेरिया. पाच दिवस आयसीयू. आता ठणठणीत आहे, पण आयसीयूच्या बाहेरच्या त्या खुर्च्या मी विसरलेले नाही.

म्हणून, जाण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्या गोळ्या घ्यायच्या का ते. संध्याकाळी फुल बाह्या, रात्री मच्छरदाणी. आणि परतल्यावर महिनाभरात साधी कणकण जरी आली, तरी डॉक्टरांसमोर बसल्यावर पहिलं वाक्य 'मी गडचिरोलीला जाऊन आलोय' आणि त्याच दिवशी रक्ताची तपासणी.

हो, एक राहिलंच. दिवाळीनंतर गेलात तर झाडीपट्टीचं नाटक चुकवू नका. वडसा हे त्याचं मुख्य ठाणं. रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं, खच्चून गर्दी, शिट्ट्या, गाणी, रडारड. याच रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. शाल न्या, थंडी भयंकर असते.

कांगोवालीने कालच दोन मच्छरदाण्या आणल्या. एक तिच्या सॅकमध्ये गेली. दुसरी फोटोग्राफरसाठी, कारण फेब्रुवारीत तो पुन्हा वडशाला यायचं म्हणतोय.