औषधाची मात्रा कोणी ठरवायची?

जबलपूरच्या नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात राज्य कर्करोग संस्था उभी राहिली, ती महाकोशलातील रुग्णांची नागपूर-मुंबईकडची वारी कमी व्हावी म्हणून. शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि नेहमीची केमोथेरपी यांपुरता तो हेतू साधण्याजोगाही आहे. परंतु विडी-तंबाखूच्या या पट्ट्यात तोंडाचा वा घशाचा कर्करोग घेऊन येणारा रुग्ण बहुधा उशिरा येतो. रोग पसरल्यानंतर ज्या अँटिबॉडी म्हणजे प्रतिपिंड औषधांचा आज जगभर बोलबाला आहे, ती मात्र त्याच्यासाठी नसल्यातच जमा असतात. डोके व मानेच्या प्रगत कर्करोगावरील मान्यताप्राप्त उपचार अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत शंभरांतील जेमतेम एक ते तीन रुग्णांपर्यंत पोहोचतात, अशी नोंद मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉक्टरांनीच आपल्या शोधनिबंधात केली आहे. आयुष्मान भारत योजनेचे कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांचे कवच या औषधांच्या वर्षभराच्या पूर्ण मात्रेला पुरे पडत नाही.

याला कारण किंमत आणि किमतीला कारण पेटंट, एवढ्यावर आपल्याकडील चर्चा थांबते. ते खरे आहे, पण अर्धेच. रुग्णाच्या हाती पडणारे बिल कुपीच्या किमतीइतकेच कुप्यांच्या संख्येवरही ठरते आणि ती संख्या ठरते मात्रेवरून. मात्रेचा निर्णय होतो पहिल्या टप्प्यातील मानवी चाचण्यांत. धोरणकर्त्यांचे लक्ष तिकडे सहसा जात नाही, कारण तो प्रयोगशाळेतल्या तज्ज्ञांचा प्रांत मानला जातो.

केमोथेरपीच्या काळात या टप्प्याचे शास्त्र सरळ होते. औषध म्हणजे पेशी मारणारे विष. जितके अधिक तितका परिणाम अधिक, हे गृहीत. तीन-तीन रुग्णांचे गट करून मात्रा पायरीपायरीने वाढवायची आणि दुष्परिणाम असह्य झाले की एक पायरी खाली उतरायचे. प्रतिपिंडांची रीत वेगळी. ती ठरावीक प्रथिनाला शोधून त्याला चिकटतात. त्या प्रथिनावरील सर्व जागा भरल्या की आणखी औषध ओतून फारसे काही साधत नाही. दहा कुलपांना शंभर किल्ल्या लावण्यासारखेच ते. निवोलुमॅब या औषधाची सुरुवातीची चाचणी २०१२ साली प्रसिद्ध झाली. तीत २९६ रुग्ण होते आणि शरीराच्या दर किलो वजनामागे ०.१ पासून १० मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे शंभर पट अंतरातल्या, मात्रा देऊन पाहिल्या होत्या. सहन होणारी कमाल मात्रा सापडलीच नाही. तरीही बाजारात आली ती आधी किलोमागे ३ मिलिग्रॅम आणि पुढे दर दोन आठवड्यांनी सरसकट २४० मिलिग्रॅम. किमान पुरेशी मात्रा कोणती, हा प्रश्न तसाच मागे राहिला. अमेरिकेच्या औषध प्रशासनालाही अखेर २०२१ मध्ये कर्करोगाच्या औषधांची मात्रा ठरवण्याची पद्धत सुधारण्यासाठी ‘प्रोजेक्ट ऑप्टिमस’ हाती घ्यावा लागला.

तो मागे राहिलेला प्रश्न टाटा रुग्णालयाने विचारला. डोके-मानेचा कर्करोग बळावलेल्या १५१ रुग्णांची दोन गटांत विभागणी झाली. एका गटाला मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि अर्लोटिनिब या तोंडावाटे घ्यायच्या तीन गोळ्या देण्यात आल्या. दुसऱ्याला त्याच गोळ्या आणि दर तीन आठवड्यांनी अवघे २० मिलिग्रॅम निवोलुमॅब. एक वर्षानंतर पहिल्या गटात हयात असलेल्यांचे प्रमाण १६.३ टक्के होते, दुसऱ्यात ४३.४ टक्के. गंभीर दुष्परिणाम वाढले नाहीत. हिशेब करून पाहावा: नेहमीच्या पद्धतीत सहा आठवड्यांत ७२० मिलिग्रॅम औषध लागते, येथे ४० मिलिग्रॅम लागले, अठरावा हिस्सा. चाळीस मिलिग्रॅमची एक कुपी त्याच दिवशी आलेल्या दोन रुग्णांत वाटता येते.

या निष्कर्षाचा अर्थ ताणू नये. तुलना अल्प मात्रा आणि औषधच न मिळणे यांच्यात होती. अल्प मात्रा आणि पूर्ण मात्रा यांच्यात नव्हती. अल्प मात्रा मिळालेल्यांपैकीही निम्म्याहून अधिक रुग्ण वर्ष पुरे करू शकले नाहीत. शिवाय ही चाचणी तिसऱ्या टप्प्यातली होती, म्हणजे पहिल्या टप्प्याने अर्धवट सोडलेले काम औषध बाजारात आल्यावर काही वर्षांनी, सार्वजनिक रुग्णालयाला करावे लागले. कंपनीने ते करावे ही अपेक्षा भाबडी आहे. आपला माल अठरा पट कमी खपेल हे सिद्ध करण्यासाठी कोणती कंपनी पैसे घालील?

ते पैसे सरकारनेच घालायला हवेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने पहिल्या टप्प्यातील चाचण्यांसाठी केंद्रांचे जाळे विणायला घेतले आहे, हे स्वागतार्ह आहे. परंतु त्यासाठी निवडलेली पहिली चार केंद्रे मुंबईचे केईएम, नवी मुंबईचे ॲक्ट्रेक, चंडीगडची पीजीआय आणि चेन्नईजवळील एसआरएम ही आहेत. मध्य भारत त्यांत नाही. जबलपूर नाही आणि नागपूरही नाही. माणसाच्या शरीरात प्रथमच जाणारा रेणू जबलपुरात टोचावा, असे आमचे म्हणणे नाही. मार्च २००६ मध्ये लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयाच्या आवारात टीजीएन १४१२ हे प्रतिपिंड सहा निरोगी तरुणांना देण्यात आले. माकडांत सुरक्षित ठरलेल्या मात्रेच्या पाचशेव्या हिश्श्याइतकेच ते होते, तरी काही तासांत सहाही जणांचे अवयव निकामी होऊ लागले. ते वाचले, कारण सुसज्ज अतिदक्षता विभाग हाकेच्या अंतरावर होता. अशी जोखीम मोजक्या केंद्रांनीच घ्यावी. मात्र मान्यता मिळालेल्या प्रतिपिंडांची कमीत कमी परिणामकारक मात्रा शोधण्याचे काम राज्य कर्करोग संस्था करू शकतात, आणि ज्यांना औषध हवे आहे ते रुग्ण तर तिथेच आहेत.

अडचण शास्त्राची नाही, विश्वासाची आहे. आणि मध्य प्रदेशात ती अधिकच आहे. इंदूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातील चाचण्यांत रुग्णांना आपल्यावर काय चालले आहे याची पुरती कल्पना नव्हती, असे आरोप झाले. भोपाळच्या वायुपीडितांसाठी उभारलेल्या रुग्णालयात खुद्द त्या पीडितांवरच औषधे आजमावली गेल्याचे उघड झाले. इंदूरचा ‘स्वास्थ्य अधिकार मंच’ २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात गेला. तिथले खडे बोल ऐकल्यावर सरकार हलले आणि त्या घुसळणीतूनच पुढे २०१९ चे नवी औषधे व वैद्यकीय चाचण्या नियम आले. नीतिमत्ता समितीत किमान सात सदस्य असावेत, निम्मे तरी संस्थेबाहेरचे असावेत, नव्या रेणूच्या चाचणीत दुर्बल घटकांतील सहभागींची संमती दृक्‌श्राव्य स्वरूपात नोंदवावी, ही कलमे कागदावर चांगली आहेत.

पण संमती घेतली जाते ती भाषेत. जबलपूरच्या शेजारी मंडला आणि डिंडोरी हे गोंड व बैगा वस्तीचे जिल्हे आहेत. तिथून आलेल्या रुग्णाला हिंदीतले वीस पानी पत्रक वाचून दाखवले आणि कॅमेरा चालू केला, तर नियमाचे पालन झाल्याचे चित्रण तेवढे होईल. पहिल्या टप्प्याचा उद्देश तुम्हाला बरे करणे हा नाही, मात्रा आणि सुरक्षितता तपासणे हा आहे, हे वाक्य मुंबईतल्या शिकलेल्या रुग्णालाही पचत नाही. डॉक्टरने दिले ते औषधच, असे तो धरून चालतो. जबलपुरात आदिवासींच्या आरोग्यावर काम करणारी राष्ट्रीय संशोधन संस्था १९८४ पासून आहे. समजावण्याची भाषा आणि माणसे तिच्याकडून घ्यावीत. गडचिरोली-मेळघाटच्या रुग्णांना हाताळणाऱ्या महाराष्ट्रालाही हा प्रश्न परका नाही.

त्याच नियमांतील नुकसानभरपाईचे सूत्र मात्र कागदावरही खटकते. चाचणीमुळे मृत्यू झाल्यास ८ लाख रुपये या पायाभूत रकमेला वयाचा आणि जोखमीचा गुणांक लावला जातो. निरोगी स्वयंसेवकाचा गुणांक ४, तर सहा महिन्यांहून अधिक जगण्याची आशा नसलेल्या रुग्णाचा ०.५. पासष्ट वर्षांच्या निरोगी माणसाच्या कुटुंबाला ३२ लाख मिळतील, त्याच वयाच्या अखेरच्या अवस्थेतील कर्करुग्णाच्या कुटुंबाला ४ लाख. महिनाभरात मृत्यूची शक्यता नव्वद टक्के वा अधिक असेल, तर सरसकट २ लाख. उरलेले आयुष्य थोडे म्हणून मोल थोडे, हा विमा कंपनीचा हिशेब झाला. प्रत्यक्षात कर्करोगाच्या पहिल्या टप्प्यातील चाचण्या बहुतांशी ज्यांच्यावर होतात ते असेच रुग्ण असतात; हाती उरलेले मोजके दिवस ते रुग्णालयात, रक्ताचे नमुने देत, पुढे येणाऱ्या अनोळखी रुग्णांसाठी खर्च करतात. सर्वांत स्वस्त जीव त्यांचाच ठरवला, तर सावधगिरी बाळगण्याचे आर्थिक कारणही तेवढेच स्वस्त होते. जबलपूरसारख्या ठिकाणी सरकारी पैशाने मात्राशोधाच्या चाचण्या सुरू करायच्या असतील, तर हा गुणांक आधी किमान १ वर आणावा. त्यासाठी संसदेत विधेयक मांडावे लागत नाही. आरोग्य मंत्रालयाची एक अधिसूचना पुरते.