एकास सातने भागिले असता

एकास सातने भागावयास बसले असता जो भागाकार कधीच संपत नाही आणि ज्यात १, ४, २, ८, ५, ७ हे सहा अंक त्याच क्रमाने पुनःपुन्हा अवतरत राहतात, त्यातून लाभणारी १,४२,८५७ ही संख्या अंकगणिताच्या दप्तरात एकाहून अधिक सदरांखाली दाखल आहे. तिला दोनपासून सहापर्यंत क्रमाने गुणीत गेल्यास २,८५,७१४ पासून ८,५७,१४२ पर्यंत जे गुणाकार येतात, त्यांत तेच अंक त्याच चक्राने फिरतात, केवळ आरंभस्थान बदलते. सातने गुणताच मात्र ९,९९,९९९ प्रकट होते. म्हणून ती चक्रीय. तिच्या अंकांची बेरीज २७ आणि २७ने तिला निःशेष भाग जातो, म्हणून ती हर्षद. आणि तिच्या २०४०८१२२४४९ या वर्गाचे २०४०८ व १२२४४९ असे दोन खंड करून मिळविले की मूळ संख्याच परत येते, म्हणून ती कापरेकर संख्या.

ही शेवटची दोन सदरे ज्यांनी घातली ते द. रा. कापरेकर १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. विद्यापीठीय गणिताच्या दरबारात त्यांच्या कार्याची उपेक्षा झाली, कारण असे गुणधर्म संख्येचे नसून ती दशमान पद्धतीने लिहिण्याच्या आपल्या रिवाजाचे आहेत, अशी पंडितांची तक्रार होती. हर्षद संख्यांपुरती ती बव्हंशी रास्त आहे, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु तेवढ्यावरून हा सारा प्रांतच गणिताबाहेर बेदखल करणे मला सर्वथा गैरवाजवी वाटते.

कारण चक्रामागे कारण आहे. भागाकार करताना बाक्या १, ३, २, ६, ४, ५ अशा क्रमाने येतात, म्हणजे सातने भागता संभवणाऱ्या सहाही शून्येतर बाक्या एकाच फेऱ्यात हजेरी लावतात. म्हणून तीन सप्तमांशाचा दशांश काढावयाचा तर त्याच चक्रात बाकी तीन आली तेथून वाचावयास लागावे, ४२८५७१ तयार असते. वर्गाच्या खंडांची किमयाही आकस्मिक नाही: १,४२,८५७ची सातपट ९,९९,९९९ आहे आणि तिच्याहून एकाने लहान असलेल्या १,४२,८५६ला सातने निःशेष भाग जातो, या दोन गोष्टींतच तिचे बीज आहे. प्रत्यक्ष गाउसने १८०१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या महाग्रंथात आवर्ती दशांशांच्या आवर्तनांचा विचार केला होता; त्याला जे हीन वाटले नाही, ते आपण पोरखेळ म्हणून का झिडकारावे?

आपल्या शाळांत मात्र दोन दशांशस्थळांपर्यंत उत्तर काढा असा हुकूम सुटतो आणि जेथे खरे नवल सुरू व्हावयाचे नेमके तेथेच मुलाची लेखणी थांबविली जाते. माझी मागणी अल्प आहे: वर्षातून एखादा तास असा असावा की ज्यात गणकयंत्र बाजूस ठेवून मुलांनी एकाला ७, १३ आणि १७ यांनी, पहिली बाकी परत येईपर्यंत, हाताने भागावे. सतराच्या भागाकारात सोळाही बाक्या येतील. तेराच्या भागाकारात मात्र बारांपैकी सहाच येऊन चक्र मिटेल, आणि उरलेल्या सहांचे निराळे चक्र दोन त्रयोदशांशात सापडेल. सात आणि सतरा यांच्यासारख्या मूळ संख्या अनंत आहेत काय, असे एखाद्या मुलीने तेव्हा विचारले, तर त्या अनंत असाव्यात असे एमिल आर्टिन यांनी १९२७ साली मांडलेले अनुमान अद्याप कोणासही निरपवाद सिद्ध करता आलेले नाही, हे शिक्षकांनी तिला खुशाल सांगावे.