गीतांतील श्रद्धा आणि श्रोत्यांचा आनंद

गेल्या स्नेहसंमेलनाच्या तालमी चालूं असतांना एका विद्यार्थ्यानें मला विचारलें, "सर, मी ख्रिस्ती नाहीं. पण ज्या इंग्रजी रॉक गाण्यांत येशूचें नांव येतें, त्यांतलीं कांहीं मला फार आवडतात. तीं मीं मनापासून म्हटलीं, तर तें ढोंग होईल काय?" त्याच्या शेजारीं उभ्या असलेल्या मुलाची तक्रार नेमकी उलट होती. तो ख्रिस्ती घरांतला. ढोल आणि विजेची गिटार यांच्या गोंगाटांत प्रभूचें नांव ऐकलें कीं त्याच्या आजीला तें सहन होत नाहीं. आणि आजीचें म्हणणें त्यालाही थोडेंसें पटत होतें. दोघांनाही मीं तेव्हां धड उत्तर दिलें नाहीं. तें आतां देण्याचा यत्न करितों.

प्रथम आजीबाईंविषयीं. ज्यास त्या गोंगाट म्हणतात, त्याचा बराचसा जन्म प्रार्थनामंदिरांतच झालेला आहे. अमेरिकेंतील सिस्टर रोझेटा थार्प ही कृष्णवर्णीय गायिका लहानपणापासून आईबरोबर चर्चमध्यें गात असे. विजेची गिटार गळ्यांत अडकवून तिनें १९४४ सालीं जें भक्तिगीत ध्वनिमुद्रित केलें, त्यांत पुढील रॉक संगीताची चाहूल अनेक जाणत्यांस लागते. एल्व्हिस प्रेस्ली याला रॉकचा राजा म्हणतात. परंतु त्याला स्पर्धेंत मिळालेलीं तिन्ही ग्रॅमी पारितोषिकें धार्मिक गीतांच्या गायनासाठीं होतीं! शिवाय आपल्या मराठी चर्चमध्यें रेव्हरंड नारायण वामन टिळकांचीं पदें आणि अभंग आपण टाळमृदंगावर गातों, ते टाळमृदंग तरी प्रथम कोणाच्या अंगणांतले होते?

आतां पहिल्या मुलाचा प्रश्न. तो अधिक कठीण आहे. श्रद्धा नसतां श्रद्धेचें गीत रुचावें, हें कसें? नॉर्मन ग्रीनबाम ह्या यहुदी तरुणानें दूरचित्रवाणीवर एका गायकास भक्तिगीत गातांना पाहिलें, आणि आपणही एक लिहून पाहावें असें त्याच्या मनांत आलें. पाव तासांत शब्द तयार झाले. १९६९ सालीं निघालेलें 'स्पिरिट इन द स्काय' हें तें गीत पुढच्या वर्षीं इंग्लंडांत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसलें. त्यांतील गाणारा येशूला आपला मित्र म्हणवितो आणि त्याच दमांत आपण कधींच पापी नव्हतों असेंही सांगतो. रविवारच्या शाळेंत हें विधान एक क्षणभरही टिकणार नाहीं. पण त्यामुळें त्या गाण्याची गोडी कमी झाल्याचें दिसत नाहीं.

जॉर्ज हॅरिसनचें १९७० सालचें 'माय स्वीट लॉर्ड' तर ह्याहून पुढें जातें. त्यांत मागें गाणारीं मंडळी प्रथम 'हालेलुया' म्हणतात आणि नकळत 'हरे कृष्ण' कडे वळतात. आपल्या शाळांतून म्हटला जाणारा गुरुवंदनाचा श्लोकही त्यांत ऐकूं येतो. ख्रिस्ती श्रोता कृष्णाचें नांव गुणगुणूं लागला, हिंदु श्रोता हालेलुया म्हणूं लागला, आणि तें गीत इंग्लंड व अमेरिका ह्या दोन्ही देशांत अग्रस्थानीं पोहोंचलें. चाल उसनी घेतल्याबद्दल १९७६ सालीं न्यायालयानें हॅरिसनला दोषी ठरविलें, हा भाग वेगळा.

तर मग विषयाचा परिणाम होतच नाहीं काय? होतो, आणि तो बॉब डिलनच्या बाबतींत फार ठळकपणें दिसतो. यहुदी घरांत जन्मलेला हा कवि-गायक ख्रिस्ती झाला आणि १९७९ सालीं त्याची 'स्लो ट्रेन कमिंग' ही ध्वनिमुद्रिका निघाली. त्याच वर्षींच्या नोव्हेंबरांत सॅन फ्रान्सिस्कोच्या वॉरफील्ड नाट्यगृहांत त्यानें चौदा कार्यक्रम केले. त्यांत जुनें एकही गीत गाइलें नाहीं, आणि गाण्यांच्या मधून मधून उपदेश केला. कांहीं श्रोत्यांनीं ओरडा केला, कांहीं उठून गेले. वर्तमानपत्रांनींही झोडपून काढलें. तरी गंमत अशी कीं, मनुष्यास कोणाची तरी चाकरी करावीच लागते असें बजावणारें त्या ध्वनिमुद्रिकेंतील पहिलेंच गीत १९८० सालीं ग्रॅमी पारितोषिकाचें धनी झालें. तिच्या दोन निर्मात्यांपैकीं जेरी वेक्सलर हे तर स्वतःस नास्तिक म्हणवीत असत! पुढच्या वर्षींची 'सेव्हड' मात्र अमेरिकेंत २४ व्या क्रमांकाच्या वर चढली नाहीं.

माझ्या मतें श्रोत्यांना ख्रिस्ताचें नांव खुपलें नाहीं. गायकाचें आपल्याकडे रोखलेलें बोट त्यांना खुपलें. शिवाय जुन्या आवडत्या गीतांसाठीं पैसे मोजून आलेल्या मनुष्यास तीं नाकारलीं गेलीं, हाही राग त्यांत मिसळलेला होता. एक वर्षानें त्याच नाट्यगृहांत डिलननें जुनीं व नवीं गीतें मिसळून गाइलीं, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. आपले संत उपदेश करीत नाहींत असें नाहीं. प्रसंगीं तुकोबांची वाणी चाबकासारखी लागते. पण त्या चाबकाचा पहिला फटका ते स्वतःच्या पाठीवर घेतात, म्हणून दुसरा फटका ऐकणारा सोसतो. ह्या कसोटीस डिलनचीं त्या काळांतील सर्वच गीतें उतरत नाहींत असें मुळींच नाहीं. जेथें तो स्वतःची तळमळ सांगतो, तेथें त्याचा कठोर टीकाकारही विरघळतो. २०१७ सालीं त्या वर्षांतील अप्रकाशित ध्वनिमुद्रणें प्रसिद्ध झालीं, तेव्हां अनेकांनीं आपलें जुनें मत बदललें.

आयर्लंडच्या 'यू टू' ह्या मंडळीनें बायबलांतील ४० व्या स्तोत्रावरून रचलेलें गीत १९८३ च्या 'वॉर' मध्यें आहे. पुष्कळ वर्षें त्यांचे कार्यक्रम त्याच गीतानें संपत. वादक एकेक करून रंगमंच सोडून जात, आणि मैदानांतील हजारों लोक तें ध्रुवपद गातच राहत. त्यांतील कितीजण दाविदाची प्रार्थना करीत होते आणि कितीजण केवळ गाण्यांत रमले होते, हें त्यांच्या शेजारीं उभ्या राहिलेल्यासही सांगतां आलें नसतें.

तेव्हां त्या विद्यार्थ्यानें खुशाल गावें. मात्र शब्दांचा अर्थ समजून घ्यावा, आणि जो शब्द तोंडांत येतांना अडखळेल तेथें गप्प राहावें. तेवढा प्रामाणिकपणा गाण्याला बाधत नाहीं. दुसऱ्यानें आजीबाईंकडे थार्पबाईंचें एखादें ध्वनिमुद्रण घेऊन जावें. आवाज मात्र बेताचा ठेवावा.