मचूळ समुद्राची थकबाकी

विहिरीचे पाणी मचूळ लागले तर आपण तोंड वाकडे करतो. युरोपच्या उत्तरेला मात्र एक अख्खा समुद्रच मचूळ आहे. त्याचे नाव बाल्टिक. या समुद्राला जडलेल्या दुखण्यात शेतीच्या खताचा मोठा वाटा आहे, म्हणून त्याची हकिकत आज शेतकरी घरांपुढे ठेवीत आहे.

स्वीडन, फिनलंड, रशिया, एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनिया, पोलंड, जर्मनी आणि डेन्मार्क या ९ देशांच्या मधोमध हा समुद्र आहे. चिंचोळ्या तोंडाची मोठी घागर असावी तसा. डेन्मार्कजवळच्या अरुंद, उथळ वाटांनी तेवढे बाहेरचे खारे पाणी आत येते, आणि नद्या गोडे पाणी ओतत राहतात. महासागराच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते. बाल्टिकच्या मधल्या भागात वरच्या पाण्यात ७-८ ग्रॅमच. सरासरी खोली अवघी ५५ मीटर. या घागरीतले सारे पाणी बदलायला सुमारे ३० वर्षे लागतात. ज्या जमिनीचे पाणी इथे वाहून येते ती समुद्राच्या चौपट असून तिच्यावर सुमारे साडेआठ कोटी माणसे राहतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे रासायनिक खते वाढली, जनावरांचे मोठे गोठे झाले, शहरांचे सांडपाणी वाढले. पिकाने न घेतलेले नत्र आणि स्फुरद ओढ्यातून नदीत, नदीतून समुद्रात गेले. खताने पीक वाढते तसे शेवाळही वाढते. उन्हाळ्यात तिथे मैलच्या मैल निळ्या-हिरव्या शेवाळाची साय धरते. आपल्याकडे भातखाचरात खत म्हणून निळे-हिरवे शेवाळ सोडतात, त्याच जातकुळीचे हे. हवेतले नत्र ते स्वतःच ओढून घेते. त्याला स्फुरद तेवढे मिळाले की पुरते. यातल्या काही जाती विषारी असतात. तसले पाणी प्यालेली जनावरे दगावतात.

हे शेवाळ मेले की तळाशी जाऊन कुजते आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकते. खारे पाणी जड म्हणून खाली, गोडसर पाणी हलके म्हणून वर. दोन्ही सहसा मिसळत नाहीत. मोठ्या वादळांनी बाहेरचे ताजे खारे पाणी आत लोटले, तरच खोल तळाला प्राणवायू मिळतो. १९९३, २००३ आणि २०१४ साली असे मोठे लोट आले. एरवी तळाचा फार मोठा भाग गुदमरलेलाच असतो. कॉड माशाची अंडी पुरेशा खाऱ्या पाण्यातच तरंगतात. तिथे प्राणवायू नसला की ती मरतात. पूर्व बाल्टिकमधला कॉड इतका खालावला, की २०१९ साली युरोपीय संघाने त्याची खास मासेमारी बंद केली. पिढ्यान्‌पिढ्या त्यावर जगणाऱ्या कोळ्यांच्या होड्या किनाऱ्याला लागल्या.

सगळ्यात वाईट गोष्ट पुढेच आहे. तळाला प्राणवायू नसला की चिखलात बसलेला जुना स्फुरद सुटून पुन्हा पाण्यात येतो. आजोबांनी टाकलेल्या खताचे शेवाळ नातवाच्या डोळ्यांपुढे उगवते. सावकाराचे व्याज परवडले, पण ही थकबाकी नको!

तरी त्या लोकांनी हात टेकले नाहीत. १९७४ साली हेलसिंकी येथे किनाऱ्यावरच्या देशांनी करार केला. शहरांनी सांडपाणी शुद्ध करण्याची केंद्रे उभारली. १९८० च्या दशकापासून समुद्रात जाणारे नत्र व स्फुरद बरेच घटले. डीडीटीसारख्या विषांवर बंदी आल्यावर पांढऱ्या शेपटीचे समुद्रगरुडही पुन्हा वाढले. शेतकऱ्यांनीही आपला वाटा उचलला. डेन्मार्कात मुख्य पीक निघाल्यावर उरलेले नत्र धरून ठेवणारे दुसरे पीक पेरतात. फिनलंडमध्ये साविओकी नदीच्या काठी २०१६ साली हेक्टरी ४ टन जिप्सम शेतात टाकून पाहिले. आपण भुईमुगाला घालतो तेच जिप्सम! त्याने मातीचे कण घट्ट धरून राहतात आणि स्फुरद वाहून जाणे बरेच कमी होते. मात्र जिथले पाणी तळ्यात जाते तिथे ते टाकीत नाहीत. त्यातले गंधक तळ्याला मानवत नाही.

एवढे करूनही समुद्र अजून बरा झालेला नाही. जुने देणे फिटायला वेळ लागतो. म्हणूनच वाहून जाण्याआधीच खत धरणे स्वस्त पडते. माती तपासून खत द्यावे, युरिया हप्त्याहप्त्याने द्यावा, मोठा पाऊस तोंडावर असताना टाकू नये, उकिरडा ओढ्यापासून दूर असावा, बांधावर गवत राखावे. यात खर्च थोडा आणि बचत आपलीच आहे. पिकाच्या मुळाशी न पोचलेल्या खताचे पैसे आपण एकदा दुकानात मोजतो. उरलेली किंमत ओढ्याखालच्या गावांना आणि आपल्या नातवंडांना मोजावी लागते.