ग्वेनला कोणी विचारलं का?

सुपरव्हिलन म्हटला की त्याला जग जिंकायचं असतं, गेलाबाजार एखादी बँक तरी लुटायची असते. स्पायडरमॅनच्या शत्रूंमध्ये एक नमुना मात्र असा आहे की त्याला यातलं काहीच नको. त्याला फक्त आपल्या वर्गातली एक मुलगी परत हवी आहे. प्राध्यापक माइल्स वॉरन उर्फ जॅकल. हिरवा केसाळ वेश, टोकदार कान, हातात नख्या आणि डोक्यात एकच किडा: क्लोनिंग.

ज्यांनी स्पायडरमॅन फक्त पिक्चरमध्ये पाहिलाय त्यांच्यासाठी थोडक्यात स्टोरी. ग्वेन स्टेसी ही पीटर पार्करची मैत्रीण. १९७३ साली 'अमेझिंग स्पायडरमॅन'च्या १२१व्या अंकात ग्रीन गॉब्लिन तिला पुलावरून खाली फेकतो आणि ती मरते. नायकाची प्रेयसी अशी खरोखर मारून टाकणं तेव्हाच्या कॉमिक्समध्ये जवळजवळ ऐकिवात नव्हतं. ग्वेनला शिकवणारा वॉरन मनातल्या मनात तिच्यावर लट्टू असतो. तो मृत्यूचं खापर स्पायडरमॅनवर फोडतो, विद्यार्थ्यांच्या पेशींचे नमुने त्याच्याकडे असतातच, त्यातून तो चक्क नवीन ग्वेन 'बनवतो'. हे लक्षात येऊन जाब विचारणारा त्याचा सहायक त्याच्याच हातून मरतो. म्हणजे एका मेलेल्या माणसाला परत आणायच्या नादात एका जिवंत माणसाचा बळी. झाला व्हिलन तयार.

आता यातली खरी गंमत पडद्यामागे आहे. ग्वेन गेल्यावर वाचक भयंकर चिडले होते. स्टॅन ली कॉलेजांमध्ये भाषणं द्यायला जायचा, तिथे पोरं त्याला याच विषयावरून धारेवर धरायची. शेवटी त्याने लेखक जेरी कॉनवेला तिला परत आणायला सांगितलं. ही हकीकत कॉनवेनेच नंतर सांगितली आहे. आता मेलेली मुलगी परत आणायची कशी? कॉनवेने क्लोन आणला. वाचकांना ग्वेन मिळाली, पण ती 'ती' नव्हती. १९७५च्या त्या कथेच्या शेवटी ही नवी ग्वेन जॅकलच्याही गळ्यात पडत नाही आणि पीटरच्याही नाही. आपलं आयुष्य आपण शोधू, असं म्हणून सरळ निघून जाते.

मला हा शेवट जाम आवडतो. कारण कॉनवेने व्हिलनच्या जागी हळूच आपल्यालाच बसवलंय. 'आम्हाला ती परत हवी' असं ओरडणारा प्रत्येक वाचक थोडासा जॅकलच होता की!

आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर जॅकलची चूक सोपी आहे. डीएनए म्हणजे फार तर सोर्स कोड. माणूस म्हणजे तोच कोड वीस-पंचवीस वर्षं अखंड चालल्यावर साठलेला सगळा डेटा: आठवणी, भांडणं, सवयी, आजारपणं. कोड कॉपी करून नव्या मशीनवर चालवला तर प्रोग्रॅम पहिल्यापासून सुरू होणार, जुना डेटा कुठून येणार? कॉमिकमध्ये क्लोनला जुन्या आठवणीही फुकटात मिळतात, ती लेखकाची सोय. प्रत्यक्षात तर साधी कातडीसुद्धा जुळेल याची खात्री नाही. २००१च्या डिसेंबरमध्ये टेक्सासमध्ये जगातलं पहिलं क्लोन केलेलं मांजर जन्मलं, 'सीसी'. तिची मूळ मांजरी पांढरी-काळी-नारिंगी, पण सीसीच्या अंगावर नारिंगीचा ठिपकाही नाही! मांजरीच्या प्रत्येक पेशीत दोन एक्स गुणसूत्रांपैकी एक बंद असतं आणि ज्या पेशीपासून सीसी झाली तिच्यात नेमकं नारिंगीवालं बंद होतं. जनुकं तीच, मांजर वेगळी.

मार्व्हलने मात्र आपल्याच कथेचा धडा घेतला नाही. १९९४मध्ये त्यांनी क्लोनची गोष्ट पुन्हा उकरून काढली. खप चांगला होतोय म्हटल्यावर ती दोन वर्षं ताणली. आधी म्हणाले पीटरच क्लोन आहे आणि बेन रायली हा मूळ माणूस, मग म्हणाले नाही नाही, उलटं. वाचक वैतागले. १९९६च्या अखेरीला ती कथा गुंडाळली आणि त्याच सुमारास मार्व्हलने दिवाळखोरीचा अर्जही केला (त्याची कारणं बरीच वेगळी होती, सगळं पाप क्लोनच्या माथी नको). योगायोग असा की त्याच वर्षी जुलैमध्ये स्कॉटलंडमध्ये डॉली मेंढी जन्मली. २७७ प्रयत्नांत एक. जॅकलला असे २७६ अपयशी प्रयत्न करावे लागल्याचं कॉमिकमध्ये कोणी दाखवत नाही.

असो. कोणी म्हणेल, माणसांचं क्लोनिंग कोणी करत नाहीये, मग एवढं मनावर कशाला घ्यायचं? मुद्दा असा की जॅकलला आता प्रयोगशाळा लागतच नाही. गेलेल्या माणसाचे मेसेज, आवाज, व्हिडिओ मशीनला खाऊ घातले की त्याच्यासारखं बोलणारं काहीतरी तयार होतं. २०२०मध्ये दक्षिण कोरियातल्या एका वाहिनीने एका आईला तिच्या गेलेल्या छोट्या मुलीची व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीत भेट घडवली होती. त्या आईला नावं ठेवायची माझी हिंमत नाही. ती व्हिलन नाही, तिचं दुःख शंभर टक्के खरं आहे. माझं भांडण आहे ते या दुःखाला दर महिन्याची वर्गणी लावू पाहणाऱ्या धंद्याशी. गिऱ्हाईक जितकं कमी सावरेल तितका तो जास्त चालणार.

माझं मत विचाराल तर नियम साधा असावा. ज्याची नक्कल करायची त्याने जिवंतपणी स्वतः हो म्हटलेलं असेल तरच करा. नातेवाइकांची सही पुरेशी नाही. जॅकलचंही ग्वेनवर 'प्रेम'च होतं, पण तिला काय हवंय हे त्याने तिला जिवंतपणी विचारलं नाही आणि मेल्यावर तर नाहीच नाही.

आणि एक फरक लक्षात ठेवा. जॅकलने बनवलेल्या ग्वेनला निदान स्वतःचं डोकं होतं आणि पाय होते. तिला नाही म्हणता आलं, निघून जाता आलं. आपण ज्या नकला बनवतोय त्या कधीच उठून जाणार नाहीत. आपण जे विचारू त्याला गोड आवाजात उत्तर देत बसतील, वर्गणी भरली आहे तोवर. जॅकलला अगदी अशीच ग्वेन हवी होती.